दोरीवरचे गणवेश

"कपाटं बघा," चावीवाला म्हणाला आणि भिंतीतली सगळी कपाटं त्याने धडाधड उघडून दाखवली. आत कोणी दडून बसलंय असा आम्हाला संशय होता आणि तो त्याला एकदाचा फेडायचा होता, अशा थाटात.

घरं दाखवायला कंपनीने दिलेल्या या माणसाचं नाव आमच्यापैकी कोणालाच नीट उच्चारता येईना. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, म्हणून धाकट्याने पहिल्याच दिवशी त्याला चावीवाला करून टाकलं. धाकटा पाच वर्षांचा आहे. तो कोणालाही काहीही करून टाकतो.

"आणि स्वयंपाकघर बघितलंस का?" मोठ्या वहिनी आतून ओरडल्या. "दोन-दोन सिंक! मी तर म्हणते, डोळे झाकून घे."

मोठ्या वहिनी म्हणजे नवऱ्याच्या साहेबांच्या बायको. त्या याच आवारात, समोरच्या इमारतीत राहायच्या. कंपनीची सगळी बिऱ्हाडं इथेच होती. फाटकावर पहारा, मधे हिरवळ, हिरवळीवर पाय ठेवू नका अशी पाटी, आणि मागच्या दाराने जाता येईल अशी बाहेरदेशच्या मुलांची शाळा. निवडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

मी कठडा हलवून पाहिला, खिडक्यांच्या कड्या लावून-काढून पाहिल्या, न्हाणीघराच्या मोरीचा वास घेतला. नवरा या तपासणीला जप्ती म्हणतो. मग थोरलीला शोधत गेले. ती मुलांच्या खोलीत मधोमध उभी होती, पाठीवरची पिशवी न काढता.

"कशी आहे खोली?"

"चालेल."

"खिडकी आवडली?"

"चालेल."

दहा वर्षांच्या मुलीने 'चालेल' म्हणू नये. तिने नाक मुरडावं, धाकट्यापेक्षा मोठी खोली हवी म्हणून पाय आपटावेत. आमचं हे चौथं शहर. दुसऱ्या शहरापर्यंत ती हे सगळं करायची. तिसऱ्यात तिची एक मैत्रीण झाली आणि त्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली. मग दुसरी झाली, तेव्हा आमची झाली. इथे यायच्या आधी एकदा, दात घासताना, तोंडात फेस असतानाच ती मला म्हणाली, "या वेळी मी कोणी करणार नाहीये. उगीच." आणि चूळ भरली. तेव्हापासून विमानात, कंपनीच्या पाहुणेघरात, दुकानात, सगळीकडे 'चालेल'. परक्या माणसासमोर तर तेवढंही नाही, नुसती मान.

नवऱ्याला या वेळी कायमची जागा मिळाली होती. मुलांची शाळा संपेपर्यंत हलवणार नाही, असा साहेबांनी शब्द दिला होता. पण आम्ही हललो नाही तरी या आवारातली बाकीची हलणारच होती. मोठ्या वहिनीच सांगत होत्या, "दर वर्षी नवी माणसं येतात बघ, कंटाळा म्हणून येत नाही." ते ऐकून थोरलीने पिशवीचा पट्टा आणखी घट्ट ओढलेला मी पाहिला होता. मला दोन सिंक नको होते. जिथली पोरं कुठे जाणार नाहीत असं एखादं ठिकाण मला हवं होतं.

"वहिनी, इथे कपडे कुठे वाळत घालायचे?"

"कपडे? अगं, बाल्कनीत काही टांगायला बंदी आहे. बाहेरून किती गबाळं दिसतं! वाळवायचं मशीन दिलंय ना."

मी बाल्कनीतून पाहिलं. समोर बाल्कन्यांची ओळ, आणि एकीतही काही नाही. कोणाकडे तान्हं आहे, कोणाकडे म्हातारं माणूस, कोणाकडे पाहुणे उतरलेत, कशाचा पत्ता नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझी आई, पत्ता चुकल्याचं निमित्त करून, सासरच्या घरामागून एक चक्कर मारून आली होती. "दोरीवर पुरुषांचे कपडे पुरुषानेच वाळत घातलेत," ती घरी येऊन म्हणाली. "चिमटे एकही सरळ नाही. माणसं बरी आहेत." भूगोलात एम. ए. केलं मी, पण वस्ती कशी ओळखायची ते मला आईच्या त्या चकरेने शिकवलं. मी आजवर प्रत्येक शहरात दोऱ्या वाचत आले. आणि इथे पानच कोरं.

परतताना मोठा रस्ता खणून ठेवला होता, म्हणून चावीवाल्याने गाडी एका गल्लीत घातली. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना जुन्या तीनमजली इमारती, खिडक्यांत कुंड्या. आणि एका इमारतीच्या तळमजल्यापासून शेजारच्या भिंतीपर्यंत ताणलेल्या दोऱ्यांवर शाळेचे गणवेश. राखाडी चड्ड्या, निळे सदरे, निळे झगे. बाहुलीला बसेल एवढ्या झग्यापासून ते माझ्याएवढ्या मुलीला होईल अशा झग्यापर्यंत, चढत्या क्रमाने.

"थांबवा! थांबवा!"

चावीवाल्याने ब्रेक असा लावला की धाकट्याचं बिस्कीट पुढच्या काचेवर गेलं.

"काय झालं?" नवरा.

"मुलं!"

"कुठायत?"

"अरे, दोरीवर बघ. एकाच शाळेची. सगळ्या मापांची. म्हणजे धाकटी भावंडं थोरल्यांच्याच शाळेत जातात. वर्षानुवर्षं. ही पोरं इथेच वाढतायत!"

नवऱ्याने दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चावीवाला म्हणाला, "याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक जागा आहे. पण तुम्हाला आवडायची नाही. फार शांत गल्ली आहे."

मला वाटलं, याला त्या आवाराकडून दलाली जास्त मिळत असणार.

घर लहान होतं. सिंक एक. पण खिडक्या रुंद, जिना धरून चढता येईल असा, आणि या पत्त्यावर राहिलं की कोपऱ्यापलीकडच्या सरकारी शाळेत दोन्ही मुलांना हक्काने प्रवेश. तिथले गणवेश राखाडी आणि निळे.

पाहुणेघरात आमचं जुंपलं. मुलं झोपायच्या खोलीत, आम्ही दबक्या आवाजात.

"अगं, ती शाळा त्यांच्या भाषेत आहे. ही मुलगी आपल्या भाषेत बोलेना झालीय, त्यांच्या भाषेत काय बोलणार?"

"आपल्या भाषेत बोलून तरी काय उपयोग, माणूस वर्षात निघून जाणार असेल तर?"

"आणि मी साहेबांना काय सांगू? बायकोने चड्ड्या बघून घर पसंत केलं?"

"सांग. खरंच आहे."

तो हसायला नको म्हणून भिंतीकडे वळला. मग म्हणाला, "बरं. पण उद्या काही झालं तर माझ्या नावाने शंख करायचा नाही."

मी थोरलीला विचारलं. तिने काय सांगितलं ते सांगायला नको.

सामान लावून झालं त्या संध्याकाळी मी खिडकीत उभी राहिले. आता शाळेची सुट्टी होती, म्हणजे ऊन उतरलं की पोरं खाली येणार. ऊन उतरलं. एक आजोबा आले आणि कुंडीशी काहीतरी बोलून गेले. एक आजी आल्या, त्यांनी आजोबांच्या कुंडीकडे रागाने पाहिलं. मग एक मांजर आलं. धाकटा माझ्या कमरेशी येऊन म्हणाला, "आई, मुलं कधी चालू होणार?"

मी खाली गेले. तळमजल्यावरच्या दारात एक जाडजूड बाई दोरीवरचे गणवेश उतरवत होत्या. एक चष्मा कपाळावर, दुसरा नाकावर. त्यांच्या भाषेतले माझे शब्द तेव्हा एका हाताच्या बोटांवर मावत. म्हणून मी दोरीकडे बोट दाखवलं आणि जमेल तसं विचारलं, "तुमची मुलं किती?"

त्यांनी दोरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग त्या पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"एवढी? माझी? मी काय कारखाना आहे?" आणि पुन्हा हसू. "आहे की! कारखानाच आहे! पण शिलाईचा!"

त्या शिंपीणबाई होत्या. शाळेचे गणवेश शिवायच्या, आणि कापडाची खळ नि खडूच्या खुणा जाव्यात म्हणून शिवलेले गणवेश एकदा पाण्यातून काढून वाळत घालायच्या.

"पण गल्लीत मुलं असतील ना?"

"या गल्लीत?" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "या गल्लीत सगळ्यात लहान मीच."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की त्या दोरीवर एकही मोजा नव्हता. एकाही चड्डीच्या गुडघ्यापाशी मातीचा डाग नव्हता, एकाही खिशाला शाई नव्हती. आई असती तर गाडीतूनच म्हणाली असती, ही कसली पोरं? मी फक्त मला हवं ते वाचलं होतं.

नवऱ्याला मी दोन दिवस काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो खिडकीत चहा घेऊन उभा राहिला.

"तुझी ती पोरं कुठायत गं?"

"सुट्टीत बाहेरगावी गेली असतील."

"सगळी? बसने?"

मी सांगून टाकलं. तो इतका हसला की चहा बशीत, बशीतून शर्टावर. मग थोरली आतल्या खोलीत एकटीच भिंतीला टेकून बसलेली त्याला दिसली आणि त्याचं हसू थांबलं.

"वहिनींना फोन करू का?" त्याने हळूच विचारलं. "ती जागा अजून रिकामी आहे. महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतील म्हणाल्या."

"शाळा उघडायला अजून वेळ आहे," मी म्हणाले. "बघू."

असं म्हणून मी आत गेले आणि नळ मोठा सोडून रडले.

गणवेश तर शिवायला हवेच होते, म्हणून मी मुलांना घेऊन खाली गेले. शिंपीणबाईंची खोली म्हणजे दोन मशिनं, कापडाचे तागे, तयार कपड्यांच्या टोपल्या आणि तोंडात टाचण्या धरून अखंड बोलणाऱ्या बाई. त्यांच्या बोलण्यातला चौथा हिस्सा मला कळायचा. बाकीचा मी इथे अंदाजाने आपल्या भाषेत लिहितेय, पण सूर त्यांचाच.

त्या दिवशी खोली माणसांनी भरलेली होती. शाळा उघडण्याआधीचे आठवडे. सगळ्या भागातली पोरं मापं द्यायला आणि कपडे न्यायला इथेच यायची. मला वाटलं होतं तशीच, सगळ्या मापांची. फक्त राहत दुसरीकडे होती. आम्ही कोपऱ्यात बाकावर बसलो. मधोमध एक गुटगुटीत मुलगा नव्या चड्डीत कसाबसा कोंबलेला उभा होता. त्याची आई शिंपीणबाईंशी भांडत होती.

"महिन्यात एवढा फुगला का माझा मुलगा?"

"मी त्याला खायला घातलं का? माप होतं तशीच शिवलीय!"

"मग ही कोणाची आहे?"

"मला काय सगळ्यांचे पाय पाठ आहेत?"

शिंपीणबाईंचा हात सफाईचा, पण चेहऱ्यांच्या नावाने शून्य. कोणाचे कपडे कोणाला जायचे आणि रोज एक तरी असं भांडण व्हायचं. थोरलीने माझी बाही ओढली.

"आई, ती चड्डी त्याची नाहीये."

"हं?"

"मघाशी तो पुढचे दात पडलेला मुलगा आला होता ना, त्याची आहे. याची त्या टोपलीत आहे. खालून दुसरी."

"तुला काय माहीत?"

"मी बघत होते."

मी तिच्याकडे पाहतच राहिले. अर्धा तास ती मान खाली घालून बसलीय असं मला वाटत होतं.

"मग सांग ना त्यांना."

"तू सांग."

"मला कुठे एवढं बोलता येतं? मी चड्डीला काय म्हणतात तेही विसरले."

गुटगुटीत मुलगा आता रडायच्या बेतात आला होता. थोरली उठली. कोणाकडेही न बघता टोपलीपाशी गेली, खालून दुसरी चड्डी ओढून काढली आणि त्याच्या आईच्या हातात दिली. पडद्यामागे जाऊन मुलगा बाहेर आला तो सुखाने श्वास घेत. खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या. शिंपीणबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"ही कोणाची?"

"माझी," मी म्हणाले.

"उद्या पाठव."

दुसऱ्या दिवशी मी तिला पाठवलं नाही. माझी हिंमत झाली नाही. नाही जमलं तर काय, कोणी ओरडलं तर काय. दुपारी बघते तर पोरगी घरात नाही. मी जिन्यावरून जवळजवळ पडतच खाली आले. ती शेवटच्या पायरीवर, उघड्या दारासमोर बसली होती, आणि आतून शिंपीणबाई एकेक मूल दाखवून विचारत होत्या, "हा?" ती टोपलीकडे बोट दाखवत होती. "ही?" बोट. "आणि हा टोणगा?" थोरलीने हाताने नकार दिला. त्याचे कपडे अजून शिवूनच झाले नव्हते.

तिसऱ्या दिवशी ती पायरीवरून आत सरकली. चौथ्या की पाचव्या दिवशी तिच्या गळ्यात मापाची टेप आली. मी वरून दहा निमित्तं काढून खाली जायचे. कचरा टाकायला, मग कचऱ्याची बादली आणायला, मग बादली कुठे राहिली ते बघायला. शिंपीणबाई एकदा म्हणाल्या, "तुमच्या घरात कचरा फार होतो."

आणि एका दुपारी, बादली हातात असताना, मला तिचा आवाज ऐकू आला. त्यांच्या भाषेत.

"हात वर."

मी दाराआड थांबले.

"सरळ उभा राहा. हलू नको. पोट आत घेऊ नको, नंतर तुलाच घट्ट होईल."

हे शेवटचं वाक्य शिंपीणबाईंचं, शब्दन् शब्द, अगदी हेलासकट. थोरलीने त्यांची भाषा अशी उचलली होती, सगळी हुकमांची. 'कशी आहेस' तिला म्हणता येत नव्हतं, 'माझं नाव अमुक' म्हणता येत नव्हतं. पण 'मागे वळ', 'श्वास सोड', 'पाय जुळव', 'रांगेत या' हे ती हवालदारासारखं म्हणायची. आणि तिच्याहून हातभर उंच मुलं मुकाट्याने वळायची, पाय जुळवायची. शिंपीणबाई कात्री चालवता चालवता नुसती मान डोलवायच्या.

त्यांत एक चष्मेवाली मुलगी होती, थोरलीच्याच वयाची, वेणी कायम सुटलेली. तिचा झगा पहिल्याच आठवड्यात शिवून गेला. दोन दिवसांनी ती परत आली, बटण तुटलं म्हणून. थोरलीने लावून दिलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक तुटलं. मग बाहीची शिवण उसवली.

"ही पोरगी बटणं खाते की काय!" शिंपीणबाई कडाडल्या. "अजून शाळा उघडली नाही, आणि झगा म्हातारा झाला!"

चष्मेवालीने चष्मा सावरला आणि थोरलीकडे बघून हळूच हसली. थोरलीने दोरा ओवला. ओवताना ती जीभ दातांत धरते. मी ते दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

महिना संपता संपता मोठ्या वहिनी आल्या. फोन करून न येता सरळच आल्या, कारण मी फोनवर 'बघू, बघू' म्हणत होते. त्यांची लांबलचक गाडी गल्लीत शिरेना म्हणून कोपऱ्यावरून चालत आल्या, त्यामुळे चेहरा लाल.

"अगं, काय ही जागा निवडलीस! मला रात्रभर झोप नाही लागली तुझ्या काळजीने. उद्या दुपारपर्यंत ती जागा धरून ठेवलीय. नंतर माझ्या हातात काही नाही. मुलं कुठायत?"

धाकटा बाबांबरोबर बाजारात गेला होता. "थोरली खाली आहे," मी म्हणाले.

"खाली? एकटी? बोलते का काही?"

आम्ही खाली आलो. ती दुपार सगळ्यात गर्दीची होती. खोलीत मुलं, पायरीवर मुलं, गल्लीत भिंतीला टेकून मुलं. मोठ्या वहिनी दारातच उभ्या राहिल्या. पाठमोरी थोरली गुडघ्यांवर बसून एका मुलीच्या झग्याची दुमड टाचत होती. तिने मान वळवली नाही. नुसतं म्हणाली, त्यांच्या भाषेत, खड्या आवाजात:

"दारातून सरका. उजेड अडतोय."

मोठ्या वहिनी सरकल्या. त्यांना शब्द कळला नसावा, पण आवाज असा होता की त्या भिंतीला लागून, पाय जुळवून उभ्याच राहिल्या. शेजारच्या मुलाने त्यांना आपल्यामागे रांगेत जागा करून दिली.

"ही तुझी मुलगी?" त्या कुजबुजल्या.

थोरलीने आवाज ओळखून मागे पाहिलं आणि दचकून उठली. तोंडातल्या टाचण्या काढल्या. वहिनींनी तिला जवळ घेतलं. वाईट बाई नाहीत त्या. खरंच काळजीने आल्या होत्या.

"बाळा, आमच्याकडे यायचं ना राहायला? तुझी खोली तयार आहे. ती खिडकीवाली. आपल्या भाषेतली मुलं आहेत सगळी. चालेल ना?"

मी काही बोलले असते तर ते उत्तर माझं झालं असतं. म्हणून मी ओठ मिटून दाराची चौकट धरली. थोरलीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने आत पाहिलं. अर्धवट टाचलेल्या झग्यात ती मुलगी हात पसरून तशीच उभी होती, कारण तिला अजून कोणी 'खाली' म्हटलं नव्हतं. तिच्यापलीकडे टोपलीवर चष्मेवाली बसून होती, हातात तुटलेलं बटण.

"नाही," थोरली म्हणाली.

"अगं, पण..."

"नाही काकू. मला नाही चालणार."

एवढं बोलून ती परत गुडघ्यांवर बसली. मोठ्या वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करत होते कोण जाणे, कारण त्या म्हणाल्या, "अगं, रडतेस काय? नाही म्हणाली ती!"

"हो ना," मी म्हणाले. "नाही म्हणाली!"

त्यांना ते समजावून सांगण्याच्या स्थितीत मी नव्हते. जाताना त्यांनी शिंपीणबाईंना खुणेने विचारलं, आपल्या मुलाच्या पँटी लांबीला कमी करून द्याल का. शिंपीणबाईंनी थोरलीकडे अंगठा केला.

शाळेच्या पहिल्या दिवशी नवऱ्याने रजा काढली. मी रात्री तीनदा उठून दप्तरं तपासली होती आणि सकाळी पुन्हा एकदा. धाकट्याचा वर्ग दुसऱ्या दाराने होता, तिकडे तो बाबाला ओढत गेला. मी थोरलीबरोबर पटांगणाच्या फाटकापर्यंत आले. आत शेकड्याने पोरं, आरडाओरडा, रांगा लावायचा प्रयत्न करणारी एक तरुण मास्तरीण. तिचा आवाज फुटत होता, कोणी ऐकत नव्हतं. थोरलीच्या हाताला घाम आला होता. का माझ्या, कळत नव्हतं.

"जाऊ ना?" ती म्हणाली.

"जा."

ती गेली. आपल्या वर्गाच्या पाटीपाशी जाऊन उभी राहिली. आजूबाजूला ढकलाढकली चाललेली. गुटगुटीत मुलाने तिला पाहिलं आणि आपोआप ताठ झाला. त्याच्यामागचा दात पडलेला ताठ झाला. त्याला बघून त्याच्यामागची दोघं. थोरलीने एकदा त्यांच्यावरून नजर फिरवली, मग दोन बोटांनी हवेत एक रेघ ओढली आणि म्हणाली, "सरळ."

ती रांग बघता बघता सुतासारखी झाली. मास्तरीण चकित होऊन वळली. शेजारच्या वर्गाची रांगही सरळ होऊ लागली. तिथेही निम्म्या मुलांची मापं थोरलीनेच घेतली होती. सुटलेल्या वेणीची चष्मेवाली कुठूनतरी घुसत आली आणि तिच्या मागे उभी राहिली. घंटा झाली. ते सगळे आत गेले. थोरलीने वळून पाहिलं नाही.

"रडू नको," नवरा पाठीमागून येऊन म्हणाला.

"मी कुठे रडतेय? तूच रडतोयस."

"माझ्या डोळ्यात धूळ गेली."

"दोन्ही?"

दुपारी जिन्यावर धडधड ऐकू आली. दार उघडलं तर थोरली, चष्मेवाली आणि आणखी दोघी, ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या एकदम बोलत होत्या, एकमेकींचं वाक्य तोडत. थोरलीही. त्या सरळ मुलांच्या खोलीत शिरल्या. मी सफरचंदं कापली, ताटलीत नीट मांडली, एक घोट पाणी प्यायले, आणि आत काय चाललंय ते बघायला, म्हणजे ताटली द्यायला, गेले.

थोरलीने दार अर्धवट उघडलं. तिच्या केसांत कोणाची तरी पिन होती.

"आई, आत नको ना येऊस. आमचं चाललंय."

"काय चाललंय?"

"सांगायचं नाहीये."

दार लागलं. पहिल्यांदाच लागलं. या घरात, कुठल्याच घरात, तिने ते कधी लावलं नव्हतं. मी ताटली हातात घेऊन तिथेच उभी राहिले. आतून काहीतरी बोलल्याचा आवाज आला, चौघी खिदळल्या. त्या भाषेतला विनोद समजण्याइतकी भाषा मला अजून आली नव्हती.

धाकटा दाराशीच फरशीवर बसला होता, पाय पसरून, मोठ्या अपमानाने.

"मलापण काढलं बाहेर," तो म्हणाला.

"बरं केलं," मी म्हणाले. त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसले आणि ताटली दोघांच्या मधे ठेवली. "घे. तुकडे मोठे आहेत, सावकाश खा."